कलांचोचं पाणी

नोकरीच्या बोटीवरून शुभंकर समुद्रात पडला त्याला पाच महिने झाले होते, आणि त्याच्या बायकोला, अक्षयाला, अजून एकदाही मोकळेपणी रडता आलं नव्हतं. तीन दिवस शोधलं, सापडला नाही, असं बोटीवरून कळवलं होतं. पण सासूबाई, यमुनाबाई, मालगुंडहून बोचकं घेऊन रत्नागिरीच्या फ्लॅटवर आल्या त्या बजावतच. "डोळ्यांतून टिपूस काढशील तर बघ! जित्या माणसासाठी रडतात होय गो?"

झालं! तेव्हापासून अक्षया न्हाणीघरात नळ सोडून तोंडात टॉवेल कोंबायची. दुपारी शुभंकरचं ताट वाढायचं, झाकायचं आणि संध्याकाळी तेच गार जेवण आपण गिळायचं. शेजारणी तिच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघायच्या आणि पटकन नजर वळवायच्या. ना धड सवाष्ण, ना धड विधवा. शत्रूवरही असली पाळी येऊ नये.

कार्तिकात मोठे दीर, अनिल, मुंबईहून आले. आईसमोर बसून चाचरत म्हणाले, "आई, देह काही मिळायचा नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देऊया. त्याला सुटायला नको?"

यमुनाबाई ताडकन उठल्या आणि हॉलच्या खिडकीतली कुंडी आणून त्यांच्यापुढे ठेवली. कुंडीत कलांचो होता, पानफुटीच्या जातीतला, जाड रसरशीत पानांचा. शेवटच्या सुट्टीत शुभंकरने तो हौसेने आणला होता. "हे त्याच्या हातचं. हे जितं आहे तोवर माझा पोर जिता आहे. हे मेलं तर खुशाल या तुमची पानं घेऊन!" अनिलने हात जोडले आणि रात्रीची गाडी धरली.

दुसऱ्या दिवसापासून झाडाचा ताबा सासूबाईंनी घेतला. आंघोळ झाली की अर्धा तांब्या तुळशीला आणि उरलेला अर्धा कलांचोला. वर पुटपुटायच्या, "पी रे बाबा, पी." त्या बाईचं तरी काय चुकलं हो? मालगुंडच्या कातळावर सुरुंग लावून खड्डे केले, त्यांत माती भरून तिने हापूसची कलमं जगवली होती. चैत्र-वैशाखात डोक्यावरून कळश्या वाहिल्या होत्या. झाड मरतं ते तहानेनेच, एवढंच तिला जन्मभर दिसलं होतं.

अक्षयाला मात्र सगळं ठाऊक होतं. शुभंकर शिकवून गेला होता. "याच्या पानांतच पाण्याची टाकी आहे. बोटभर खोल माती सुकली नाही तर थेंबही घालायचा नाही. आणि दसऱ्यापासून रोज संध्याकाळी खोकं उपडं घालून झाक, सकाळी काढ. काळोख लांबला की फुलतो बघ." तिने एकही दिवस न चुकवता झाकलं होतं. मोहरीएवढ्या कळ्याही धरल्या होत्या.

पहिल्या सकाळी तिने तोंड उघडलं. "आई, याला इतकं..."

"काय इतकं?"

"काही नाही. खाली फरशी ओली होते, म्हणत होते."

पहिल्या दिवशी ती नुसती घाबरली होती. पण पुढे आठवडाभर ती रोज स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तो तांब्या रिकामा होताना बघत राहिली, ते काही घाबरून नव्हे. हे मेलं तर सुटेन मी, असं तिच्या मनात आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

खालची पानं पिवळी पडली, मऊ झाली, हात लावला की गळायला लागली. "सुकतंय गो," म्हणत यमुनाबाई संध्याकाळचाही तांब्या घालू लागल्या. एका रविवारी अक्षयाने वाकून पाहिलं तर बुंधा मातीपाशी काळा पडला होता. वरचा एक फुटवा अजून टणक होता. कापायचा, दोन दिवस सुकवायचा, वाळूत खोचायचा, जगला असता. तिने कात्री हातात घेतली. फुटव्याला लावली आणि परत खणात ठेवली.

चार दिवसांनी झाड कळ्यांसकट आडवं झालं. यमुनाबाईंनी आरडाओरडा केला नाही. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अनिलला फोन लाव."

मालगुंडच्या घरासमोर अंगणात पुतळा ठेवला. भटजी म्हणाले, "घरच्यांनी एकेक पळी पाणी तोंडी घाला." अनिलने घातलं. यमुनाबाईंनी हात मागे ओढला.

"माझ्या हातचं नको त्याला. पाणी घालून घालूनच मारला मी."

"आई, काहीतरीच काय बोलतेस!"

"मीच मारला रे. माझ्या ह्या हातांनी."

अक्षयाच्या ओठांपर्यंत आलं सगळं. एक वाक्य बोलली असती तर म्हातारी सुटली असती. पण समोर दीर, भटजी, सगळी वाडी उभी. तिने पळी घेतली, पुतळ्याच्या तोंडी पाणी घातलं आणि तिथेच बसकण मारून हंबरडा फोडला.

"रडू दे तिला," बायका म्हणाल्या. "किती दिवसांचं साठलंय."

यमुनाबाईंनी तिचं डोकं पोटाशी घट्ट धरलं. "रड गो बाय माझे, रड. इतके दिवस मीच तुला रडू दिलं नाही. चुकले मी, माफ कर मला."

अक्षया रडत राहिली. बोलली मात्र काही नाही.