टेक ऑफचा पाढा

"पाणी पाहिजे का? का पंखा वाढवू? बोटानं तरी दावा," चांगुणाबाई म्हणाल्या.

सिद्धोधन सरांनी चहाचा कप बाजूला सारला. उठले, दारापर्यंत गेले, परत आले, कपाट उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मेंदूला झटका येऊन गेला तेव्हा हातपाय शाबूत राहिले, वाचा तेवढी गेली. गंगाखेडच्या दोन पिढ्यांना इंग्रजी शिकवलेला, वर्गात दुसऱ्याला तोंड उघडू न देणारा माणूस आता घरभर येरझाऱ्या घालत होता, आणि त्यांच्यामागं बायकोचा, चांगुणाबाईंचा जीव फिरत होता.

"तोंडात बसलेलं काहीतरी म्हणायला लावा," परभणीचे डॉक्टर म्हणाले होते. बाईंनी सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना म्हणून पाहिली. सर हात जोडायचे, ओठ मात्र मिटलेले. मग बाईंना सरांचा पाढा आठवला. लोक दोनाचा, तिनाचा पाढा शिकवतात. सर इंग्रजी क्रियापदांचे शिकवायचे. एकानं क्रियापदाचा एकेक अर्थ सांगायचा, बाकी वर्गानं बेंबीच्या देठापासून ओरडायचं. त्यात टेक ऑफचा पाढा सगळ्यात लांब. पण पाढ्याला समोर विद्यार्थी लागतो, म्हणून त्यांनी बन्सीधरला फोन केला. सरांचा जुना विद्यार्थी, आता साखर कारखान्यात कारकून.

बन्सीधर आला तो न सांगता सतरंजीवर मांडी घालून बसला.

"सर, आमी आलोत. घ्या तास."

सरांनी वळूनही पाहिलं नाही. खिडकीची कडी काढत, लावत राहिले.

"टेक ऑफ म्हंजे काढणे. सदरा काढणे," बन्सीधरनं एकट्यानंच सुरुवात केली. "विमान उडणे. सुट्टी घेणे. निघून जाणे. एखाद्याची नक्कल करणे." इथं तो जरा ओशाळला, सरांचीच नक्कल करून त्यानं मार खाल्ला होता. पुढचं काही केल्या आठवेना. "अन्‌... बंद करणे. पंखा बंद करणे."

कडी वाजायची थांबली. सरांचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या.

"चूक," ते म्हणाले. "गाढवा. टर्न ऑफ. बंद करणे, टर्न ऑफ."

लेक कॉलेजात शिकत असलेला बन्सीधर ताडकन उभा राहिला आणि त्यानं छडीसाठी हात पुढं केला. "चुकलं सर," तो म्हणाला.

चांगुणाबाई भाकरीच्या पिठाच्या हातांनीच धावत आल्या. "अवो, मी कोण? माझं नाव घ्या. एकदाच घ्या."

सरांनी त्यांच्याकडं पाहिलं. ओठ हलले, शब्द काही सापडेना. ते चिडून वळले आणि पुन्हा कपाटाशी गेले. बाईंना रडू आवरलं नाही.

"काकू, दमानं घ्या," बन्सीधर म्हणाला. "जो तासाला बसलाय त्याच्याशीच सर बोलायलेत."

तो कामावर गेला. घर पुन्हा मुकं झालं, येरझाऱ्या सुरू झाल्या. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. इंग्रजीचं पुस्तक त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं, पण बाहेरच्या खोलीत शिकवणी आणि आत त्यांची चूल, असा सगळा संसार झालेला. भाकऱ्या थापता थापता कानावर पडलं ते सगळं आत मुरलं होतं.

त्यांनी हात धुतले आणि सतरंजीवर येऊन बसल्या.

"सर," त्या म्हणाल्या. नवऱ्याला अशी हाक त्यांनी जन्मात मारली नव्हती.

सर थांबले. नवीन आलेल्या विद्यार्थिनीकडं पाहावं तसं त्यांनी पाहिलं, आणि खुर्चीत बसले. हातांची चुळबुळ थांबली.

"टेक ऑफ म्हंजे काढणे. विमान उडणे. सुट्टी घेणे." बाईंनी सरांच्या तोंडाकडं पाहिलं. "बंद करणे."

"चूक," सर म्हणाले. आवाज चांगला खणखणीत होता, पूर्वीसारखा. "पुन्हा."

चांगुणाबाईंना सगळे अर्थ तोंडपाठ होते. त्यांनी पदर सावरला आणि पुन्हा चुकीचाच सांगितला.