निर्लेखनाचा ठराव

मी शरच्चंद्र मंगळवेढेकर, सोलापुरातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाचा कार्यवाह. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे आकडा समोर आला की माझा निर्णय झालाच म्हणून समजा.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर कन्नड पुस्तकांची नऊ कपाटं होती. देवघेवीच्या नोंदीप्रमाणे वर्षभरात त्यातली अकरा पुस्तकं घरी गेलेली. स्पर्धा परीक्षेची मुलं मात्र बसायला जागा नाही म्हणून जिन्यात अभ्यास करायची. मी कार्यकारिणीपुढे ठराव ठेवला : कन्नड विभागाचं निर्लेखन करावं, म्हणजे ती पुस्तकं दप्तरातून कायमची काढून टाकावीत, आणि तिथे अभ्यासिका करावी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमच्या ग्रंथपाल श्रीदेवी कलशेट्टी तेवढ्या उठून उभ्या राहिल्या.

"सर, पुस्तक घरी गेलं नाही म्हणजे ते कुणाला नको, असं नसतं."

"मॅडम, आकडे तुमच्याच वहीतले आहेत," मी म्हणालो.

त्या खाली बसल्या. मला वाटलं, विषय संपला.

दोन आठवड्यांनी दिल्लीहून पत्र आलं. देशभरातल्या ग्रंथपालांची एक संघटना आहे आणि आमच्या मॅडम नऊ वर्षं तिच्या सभासद आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी संघटनेचं मत मागवलं होतं. घरातलं भांडण वेशीवर टांगलं म्हणून मी त्यांना फार लागट बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, डॉक्टर अडला तर दुसऱ्या डॉक्टरला विचारतो. मी तेच केलं."

पत्रात मात्र कुठे दटावणी नव्हती. निर्लेखन कसं करावं याचे संघटनेने घालून दिलेले नियम होते, आणि त्यांची एक सभासद येऊन पाहून जाईल, चालेल का, एवढीच विचारणा. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

आल्या त्या चेतना पाठक, नागपूरच्या निवृत्त विद्यापीठ ग्रंथपाल. गुडघे दुखत असूनही तीन जिने चढून गेल्या. वर पोचल्यावर दम खात मला म्हणाल्या, "कन्नड वाचणारे तुमच्याकडे साधारण कोणत्या वयाचे?"

"म्हातारेच सगळे."

"मग ते इथवर येतात कसे?"

मी जिन्याकडे पाहिलं.

"आमची संघटना कुणाला हुकूम देत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त एक विचारते : टाकून देण्याआधी नीट मोजलंत का? तीन महिने द्या. मोजायची रीत मी श्रीदेवीला सांगून जाते."

रीत सोपी होती. दोन कपाटं तळमजल्यावर दाराजवळ आणायची. बाहेर कन्नडमध्ये पाटी लावायची. हाताळलेलं पुस्तक वाचकाने परत कपाटात न ठेवता टेबलावर ठेवायचं, आणि संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं मोजायची. आमचा शिपाई ईरप्पा मूळचा अक्कलकोटचा, कन्नड लिहिता येणारा; त्याने पाटी स्वतः रंगवली.

चौथ्या दिवशी दारात एक बाई घुटमळताना दिसल्या. डोक्यावर कडक भाकरीची टोपली. या गंगम्मा, गेली कित्येक वर्षं आमच्याच गल्लीत भाकरी विकणाऱ्या. मॅडम लगबगीने पुढे गेल्या. "बर्री, कुंदर्री," म्हणजे या, बसा, असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली.

गंगम्मा बसल्या नाहीत. टोपली खाली ठेवली, हात पदराला पुसले, एक पुस्तक उघडलं आणि उभ्याउभ्या वाचायला लागल्या. ओठ हलत होते. पानं उलटत गेली. बऱ्याच वेळाने त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"सातवीपतुर कन्नड साळंत शिकले की मी," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन हितं आले आन् वाचनच सुटलं. हितं माज्या अक्षरातलं कायतरी हाय, हे कुनी सांगितलंच न्हाय."

चाळीस वर्षं ही बाई आमच्या दारावरून जात होती आणि माझ्या वहीत तिचा आकडा शून्य होता. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नागव्वा नावाच्या शेजारणीला आणलं. मग निवृत्त गिरणी कामगार येऊ लागले, दुपारी मंडईतले व्यापारी. तीन महिन्यांत टेबलावर बाराशेच्या वर पुस्तकं मोजली गेली, आणि त्या आकड्याखाली मी स्वतः सही केली.

पण मुलांचं काय? त्यांनाही जागा हवीच होती. पुढच्या सभेत मी उभा राहिलो. ठराव मागे घेतो म्हणालो. तळमजल्यावरची कार्यवाहाची खोली कन्नड विभागाला द्यावी आणि तिसरा मजला मुलांना; त्यांचे गुडघे धड आहेत. कार्यवाहाला एक टेबल कुठेही पुरतं.  इतिवृत्त लिहिताना मॅडमचे डोळे भरून आले होते.

यंदा संघटनेचं वार्षिक अधिवेशन भुवनेश्वरला झालं. छोट्या ग्रंथालयांसाठीच्या नियमांत मोजण्याच्या या रीतीचं एक नवं प्रकरण घालायचं ठरलं होतं आणि ते लिहायला सांगितलं होतं श्रीदेवी कलशेट्टींना. ते मांडायलाही त्यांनाच बोलावलं. "सर, मोठमोठी माणसं असतील, माझं इंग्रजी..." त्या म्हणाल्या. "हिंदीत बोला. पण बोलाच," मी म्हणालो आणि स्वतःचंही तिकीट काढलं.

सभागृहात चारशे ग्रंथपाल होते. मॅडमचा आवाज पहिली दोन मिनिटं कापत होता. मग त्या गंगम्मांबद्दल सांगू लागल्या आणि सभागृह शांत झालं. बोलणं संपल्यावर केरळातल्या कासरगोडचे एक ग्रंथपाल उठले. आमच्याकडेही दोन भाषांचे वाचक आहेत, तुमची रीत लेखी मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मग मणिपूरच्या एक बाई उठल्या, मग कच्छचे कुणी. हात वर येतच राहिले. अध्यक्षांनी चहाची सुट्टी पुढे ढकलली. ते प्रकरण सर्वांच्या संमतीने मंजूर झालं, आणि बारा भाषांत छापायचं ठरलं.

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "आप भी लायब्रेरियन हैं?"

"नाही," मी मराठीतच बोलून गेलो. ऊर भरून आला होता, हिंदी सुचलंच नाही. "त्या आमच्या सोलापूरच्या आहेत. त्यांच्या ग्रंथालयात मी काम करतो."