अठरावं नाव

या, जरा पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकलेल्यांनीही यावं, सतरंजी मोठी आहे. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती लांबून ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून जवळ बोलावलं.

गोष्ट हॉकीची आहे. हसू नका. देवाला हॉकी वर्ज्य आहे असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.

शनिवार पेठेत श्रीधर मास्तर राहतात. शाळेत तेहेतीस वर्षं पी.टी. शिकवली आणि निवृत्तीनंतर मुलींचा एक हॉकी संघ चालवायला घेतला. प्रशिक्षक तेच, मॅनेजर तेच, पाण्याच्या बाटल्या भरणारेही तेच. आठवड्याचे सहा दिवस पहाटे हॉकी आणि गुरुवार संध्याकाळ कीर्तनाची. घराजवळच्या राममंदिरात पूर्वरंग संपला की बुक्क्याची वाटी घेऊन फिरायचं काम वीस-बावीस वर्षं त्यांच्याकडेच. तिथल्या जुन्या बुवांचा एक दंडक होता. बुक्का आधी तबल्यावर बसलेल्याला, मग पेटीवाल्याला, आणि सगळ्यांत शेवटी बुवांना. कुणी नवखा भक्त थेट बुवांच्या कपाळाकडे हात नेऊ लागला तर बुवा मान मागे घ्यायचे. "आधी त्यांना. त्यांनी हात थांबवला तर मी नुसता उभा राहिलेला म्हातारा आहे."

मास्तरांनी हाच दंडक मैदानावर नेला होता. संघात अठरा मुली. सामना असो वा सराव, सुरुवातीला सगळ्या गोल करून उभ्या राहायच्या आणि मास्तर यादी वाचायचे, तीही खालून. आधी अठरावं नाव, मग सतरावं, असं करत कर्णधार सर्वांत शेवटी. नाव वाचलं की त्या मुलीनं स्टिक जमिनीवर एकदा आपटायची. झाली हजेरी.

अठरावं नाव भाग्यश्रीचं. वाशीमकडची पोर, कर्वेनगरात कॉलेजला होती आणि तिथेच एका खोलीत चौथ्या कॉटवर राहायची. संघाची राखीव गोलकीपर. आता राखीव गोलकीपर म्हणजे काय, तर पहिली कीपर पडली, मोडली तरच जिचा नंबर लागतो ती. पहिली कीपर अस्मिता काही पडेना, काही मोडेना. चार वर्षांत भाग्यश्री सामन्यात उतरली ती एकूण अकरा मिनिटं. पण पॅडची ती अवाढव्य बॅग घेऊन पहाटेच्या बसने सर्वांत आधी मैदानावर हजर कोण, तर हीच.

"सर, आज कंडक्टरनं बॅगेचंबी तिकीट फाडलं," ती सांगायची. "म्हने, एवढी जागा माणूसबी घेत नाही."

"मग बॅगेला सीट मागायची होतीस."

"मागितली नं! तं म्हने, बॅगेचं आधार कार्ड दाखव."

संघाकडून तिला मिळायचं ते मानधन बरोबर त्या कॉटच्या भाड्याइतकं होतं. हे मास्तरांना ठाऊक होतं. एवढं मात्र ध्यानात ठेवा.

दोन वर्षांपूर्वी संघ लीगमध्ये शेवटून तिसरा आला. शेवटचे दोन संघ खालच्या गटात ढकलले जातात, थोडक्यात वाचले. दिवाळीनंतर आमोद भेटायला आला. कोथरूडला त्याचं फर्निचरचं दुकान, आणि संघाच्या जर्सीवर नाव त्याच दुकानाचं. वर्षाचा सगळा खर्च त्याचा.

"काका, एक स्पष्ट बोलू?"

"अस्पष्ट बोलायला तुम्ही कोथरूडहून इतक्या लांब आला असाल असं वाटत नाही."

आमोद हसला, पण बसला नाही. "यंदा खाली घसरलो तर मी थांबणार नाही. शेफालीला घ्या. तिच्या एका फ्लिकवर सामना फिरतो."

ते खोटं नव्हतं. पेनल्टी कॉर्नर मिळाला की शेफाली चेंडू स्टिकला चिकटवल्यासारखा ओढत न्यायची आणि गोफणीतून सुटावा तसा सोडायची. कीपरला दिसायच्या आत जाळीत. फ्लिक म्हणतात तो हाच. पण तिचं मानधन म्हणजे या संघातल्या पाच मुलींचं मिळून होईल तेवढं.

"वाढवून द्याल?" मास्तरांनी विचारलं.

"रक्कम तीच. पाच मुली तर नुसत्या बाकावर बसतात, काका. लोक गोल बघायला येतात, बाक बघायला नाही."

हॉकीत वाटेल तेव्हा वाटेल तितक्या बदली खेळाडू आत-बाहेर करता येतात. बाकावरच्या मुली धावणाऱ्यांचा श्वास असतात. मास्तर हे सांगू शकले असते. सांगितलं नाही. संघ बुडण्यापेक्षा पाच जणी गेलेल्या बऱ्या, असं त्यांनी मनाला समजावलं. त्यात वाईट काही नव्हतं म्हणा. ज्याला घर चालवायचं असतं त्याला कुठेतरी हात आखडावाच लागतो. वाईट पुढे झालं.

त्यांनी कुणालाही समोर बसवून सांगितलं नाही. संघाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. "आर्थिक कारणास्तव पुढील पाच खेळाडूंना या हंगामात विश्रांती देण्यात येत आहे." खाली पाच नावं.

आनंदीबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, चष्मा लावून तो वाचला. "विश्रांती? फार दमल्या होत्या का हो त्या?"

मास्तरांनी फोन उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मैदानावर पोचले तेव्हा भाग्यश्री पॅड बांधत होती.

"अगं, तू मेसेज वाचलास ना?"

"वाचला, सर. पण शेफालीताईले समोर कोणी लागंल नं फ्लिक माराले? अस्मितानं रोज शंभर फ्लिक अंगावर घेतले तं सामन्याच्या दिवशी तिचा हात उचलनार नाही. मले काही सामना नाही. मी घेतो."

आणि तिनं घेतले. कसे घेतले ते अस्मिताला विचारा. पॅडच्या वर, ग्लोव्हजच्या मागे, बरगडीखाली, जिथे जिथे कापूस संपतो तिथे तिथे चेंडूचे निळे गोल उमटायचे. शेफाली सराव संपला की स्वतः रसवंतीतून बर्फ आणून तिच्या हाताला बांधायची. शेफाली काही वाईट नव्हती. एकदा मास्तरांना म्हणाली, "सर, तुम्हाला वाटत असेल मी जास्त मागते. माझ्याकडे फार तर पाच वर्षं आहेत. गुडघा गेला की चहासुद्धा कोणी विचारणार नाही." मास्तरांना तेही पटलं. या गोष्टीत राक्षस शोधू नका, सापडायचा नाही.

संघ जिंकू लागला. तीन सामने, तीन विजय, पाचही गोल शेफालीचे. आमोदनं पेढे पाठवले.

आणि एका बुधवारी भाग्यश्री आली नाही. गुरुवारीही नाही. पॅडची बॅग मैदानाच्या खोलीत नीट साखळी लावून ठेवलेली होती. फोन लागेना. शेफालीसाठी मास्तरांनी गोलमध्ये वाळूची दोन पोती उभी केली, आणि ती त्या पोत्यांवर फ्लिक मारत राहिली.

त्या संध्याकाळी मास्तर कीर्तनाला गेले. जुने बुवा आता थकलेत, पण तो गुरुवार त्यांचाच होता. पूर्वरंग संपला, मास्तर वाटी घेऊन उठले आणि सवयीनं तबल्याच्या जागी वाकले. बोट बुक्क्यात बुडवलेलं, हात पुढे केलेला. समोर कोणी नव्हतं. तबलजी तापानं घरी होते. आज नुसती पेटी आणि टाळ होते, हे मास्तरांनी पाऊण तास ऐकलं होतं, पण त्यांच्या ध्यानात आता आलं. हात तसाच राहिला. मागे लोक खोळंबले.

बुवा हळूच म्हणाले, "मास्तर, माणूस नसला तरी जागा आहे. तिथे ठेवा आणि पुढे चला."

मास्तरांनी जमिनीवर बुक्क्याचं बोट टेकवलं आणि त्यांना एकदम रडू आलं. लोकांना वाटलं, कीर्तन लागलं. लागलंच होतं.

देवळाच्या पायरीवरूनच त्यांनी पुन्हा फोन केला. या वेळी लागला.

"सर, गावाले आलो. कॉट सोडली. सहा वाजताच मैदानावर यायचं तं सकाळचं काम मिळत नव्हतं, अन् संध्याकाळी कॉलेज. नाही जमलं."

"भाग्यश्री, भाड्याचं मी बघतो. माझ्या पेन्शनमधून बघतो. तू ये परत."

पलीकडे कुठेतरी एक गाय हंबरली.

"सर, एक बोलू? राग नका मानू. तुमी नाव काढलं तं मले वाईट नाही वाटलं. पैसे कमी हायेत हे समजते. बाबांच्या घरीबी तसंच हाये, एकाले द्याचं तं दुसऱ्याचं थांबते. पन दुसऱ्या दिवशी तुमी यादी वाचली, ती तेरापासून वाचली."

मास्तर होते त्या पायरीवरच खाली बसले.

"मी पॅड बांधून तिथंच होतो नं, सर. गोल करून सगळ्या उभ्या, मीबी उभी. हातात स्टिक. वाटलं, सरांच्या तोंडून निंघंल. तीन हप्ते रोज वाटलं. आवाज तं द्याचा होता. पैसे नसते दिले तं चाललं असतं."

"चुकलं माझं."

"असू द्या, सर. शेफालीताईले सांगा, डाव्या हाताले वर मारताना खांदा आधी उघडते त्यांचा. कीपरले समजते."

एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. परत येते म्हणाली नाही.

मास्तरांनी निरोप शेफालीला सांगितला. ती मान खाली घालून ऐकत राहिली. "तीन आठवडे ती मला हेच सांगत होती. रोज थोडं थोडं सुधरवत होती. आता समोर कोणी नाही, तर खांदा उघडला की नाही हे मला कोण सांगणार?"

शेवटच्या सामन्यात चार पेनल्टी कॉर्नर मिळाले. चारही वेळा समोरच्या कीपरनं शेफालीचा उघडलेला खांदा हेरला आणि चेंडू अडवला. शेवटची दहा मिनिटं मुलींचे पाय उचलेनात आणि बाकावर बदली करायला तिघीच, त्याही घामाघूम. दोन गोलांनी हरले. मैदानाबाहेर येताना शेफाली मास्तरांजवळ थांबली.

"पोतं हलत नाही, सर," एवढंच म्हणाली.

आधीच्या विजयांमुळे संघ खाली घसरला नाही. आमोद खूश होता. पुढच्या वर्षी शेफाली आणि आणखी एक मोठी खेळाडू घेऊ, म्हणाला. मास्तरांनी हात जोडले.

"आमोदराव, आधी अठरा जणींचं भागवायचं. त्यातून उरेल त्यात जी येईल ती मोठी."

"मग माझं नाव जर्सीवरून काढा."

"काढतो. पण तुम्हाला समोर बसवून सांगतोय, ग्रुपवर नाही."

वरच्या गटाचा खर्च झेपेना म्हणून यंदा तो संघ खालच्या गटात खेळतो आहे. जर्सी साध्या आहेत, पाठीवर नुसते आकडे. राखीव कीपर म्हणून एक नवी मुलगी आली. तिला मास्तरांनी सतरावा नंबर दिला. पहाटे मुली गोल करून उभ्या राहतात. मास्तर यादी उघडतात, भाग्यश्रीचं नाव वाचतात आणि थांबतात. स्टिक वाजत नाही. मग ते सतरावं नाव घेतात.

पहिल्या दिवशी त्या नव्या मुलीनं विचारलं होतं, "सर, ही भाग्यश्री येणार आहे का?"

"नाही."

"मग नाव का घेता?"

"तेव्हा घेतलं नाही म्हणून," मास्तर म्हणाले.

भाग्यश्री गावच्या शाळेत लहान मुलींना खेळ शिकवते असं ऐकलं. तिथे हॉकी नाही, टर्फ नाही. मास्तर दर गुरुवारी बुक्क्याचं पहिलं बोट तबल्याशी टेकवताना तिचं नाव मनात घेतात. आपणही घ्यावं, एवढीच विनंती आहे. पुढे कधी कुणी गोल मारला आणि तुमचे हात टाळ्यांसाठी उठले, तर क्षणभर थांबा आणि वाशीमकडच्या त्या भाग्यश्रीची आठवण करा. तिनं अंगावर घेतलेले चेंडू कुणीच मोजले नाहीत.