शांतता पुरस्काराच्या फ्लेक्सची कैफियत

मित्रांनो, जुना म्हणाल तर मी जेमतेम चार महिन्यांचा आहे. पण आम्हा फ्लेक्सच्या जातीत चार महिने म्हणजे म्हातारपणच. सध्या मी चिखलीतल्या एका वर्कशॉपमागे तेलकट पिंपांवर पांघरलेला असतो. वास घाणेरडा येतो. पण खरं सांगू? चौकात दिमाखात टांगलेला होतो, तेव्हा मला स्वतःची याहून जास्त किळस यायची.

माझा जन्म भोसरीतल्या एका छपाईच्या दुकानात झाला. मशीनमधून सरकत बाहेर आलो तेव्हा मी भलताच खूश होतो. वीस फूट लांब, दहा फूट उंच! मला गुंडाळताना दुकानदार म्हणाला, "हा काही कुणाच्या वाढदिवसाचा नाही. चांगल्या कामाचा आहे." माझी छाती फुगली.

माझ्या मधोमध उद्धवरावांचा हसरा फोटो होता. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः दारू सोडली आणि काळेवाडीतल्या एका खोलीत इतरांनाही सोडायला मदत करू लागले. आता शहरभर त्यांचे गट आहेत. परदेशातल्या एका मोठ्या शांतता पुरस्कारासाठी त्यांचं नाव पाठवायचं चाललं होतं. 'ज्या घरात दारू थांबली, त्या घरात शांतता आली' असं माझ्यावर ठळक छापलं होतं. ते खोटं नव्हतं. ओकाऱ्या काढणाऱ्या परक्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन उद्धवराव रात्र रात्र बसले आहेत, हे मी चौकात कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं. ते मी नाकारणार नाही.

पण खालच्या रांगेत नऊ गोल चौकटी होत्या, प्रत्येकीत एक चेहरा आणि त्याचं नाव. 'नरकातून परतलेले आमचे वीर' म्हणे! त्यातला तिसरा चेहरा नवनाथचा. दारू सोडल्याला वर्ष झालं की त्या खोलीत माणसाचा वाढदिवस करतात. नवनाथच्या सहाव्या वाढदिवसाला, केक कापताना, आतल्याच कुणीतरी हा फोटो काढला होता. त्या खोलीचा एकच नियम होता : इथलं इथंच राहील. तो नियम घातला होता खुद्द उद्धवरावांनी.

मला बांधलं कुठे, तर चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बस थांबतात त्याच्या बरोब्बर समोर. सकाळी नवनाथ डबा घेऊन आला, वर पाहिलं आणि जागीच थिजला.

"काय राव नवनाथ, तूपण त्यातलाच का?" एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "फोर्कलिफ्ट सरळ चालव हां, भावा!" सगळे खो खो हसले.

सहा वर्षं त्याने आपल्या दारूबद्दल कंपनीत चकार शब्द काढला नव्हता. तिसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला फोर्कलिफ्टवरून उतरवून पॅकिंगला बसवलं. त्या संध्याकाळी उद्धवराव मला बघायला आले. सोबत मला छापून घेणारा सुरेंद्र होता. नवनाथ तिथेच वाट पाहत उभा होता.

"दादा, माझा फोटो तेवढा काढून टाका. पाया पडतो."

"अरे, पुरावा नको का?" सुरेंद्र म्हणाला. "नुसत्या तोंडी सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

उद्धवराव मान वर करून स्वतःचाच फोटो न्याहाळत होते. "शुक्रवारी नाव पाठवणारी समिती येतेय. तोवर दम धर. मला काय पुरस्काराची हौस आहे का? चळवळीचं नाव होतंय. आणि लाज कसली बाळगतोस? अभिमान बाळग."

शी! अभिमान कधी आणि कुणापुढे बाळगायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं की दुसऱ्याने? मला तेव्हाच दोऱ्या तोडून गटारात पडावंसं वाटलं. पण आम्हाला दोऱ्या तोडता येत नाहीत.

गुरुवारी दुपारी पहिली शिफ्ट सुटली. नवनाथ बसमधून उतरला आणि माझ्याखाली उभा राहिला. रस्त्यापलीकडे दारूचं दुकान होतं. त्याने उद्धवरावांना फोन लावला. गाड्यांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला. उचलला सुरेंद्रने. "दादांचं शूटिंग चालू आहे. उद्या बोला ना." फोन बंद. नवनाथने रस्ता ओलांडला.

माझ्या शेजारी कस्तुराबाईंची चहाची गाडी असायची. त्यांनीही अकरा वर्षांपूर्वी दारू सोडली होती. सुरेंद्रने फोटो मागितला तेव्हा त्यांनी त्याच्यावर गाळणी उगारली होती. त्यांनी स्टोव्ह बंद केला, धावत पलीकडे गेल्या आणि नवनाथला दंडाला धरून परत आणलं.

"सोडा, बाई. सगळ्यांला मी बेवडाच दिसतोय, तर पिऊनच घेतो."

"पी की. आधी माझा चहा पी."

दोन तास त्या त्याच्याजवळ फुटपाथवर बसल्या. गिऱ्हाइकं आली, वैतागून गेली. बाईंनी उपदेशाचा एक शब्द काढला नाही. तो ढसाढसा रडला, तेव्हाही नुसत्या बसून राहिल्या. मग स्टुलावर चढल्या आणि सुरीने माझ्यातला त्याचा चेहरा नावासकट गोल कापून काढला. मला दुखलं का? छे! जन्मल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

"घे," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड तुझ्यापाशी ठेव."

शुक्रवारी समिती आली. हार झाले, भाषणं झाली. समितीतल्या एका बाईंनी भोकाकडे बोट दाखवून विचारलं, "इथे कोण होतं?"

उद्धवरावांनी भोक पाहिलं. कुणाचा चेहरा गेला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दहा पावलांवर नवनाथ डबा घेऊन नुकताच बसमधून उतरला होता.

"वाऱ्यानं फाटलंय," ते म्हणाले. मग दोन पावलं सरकले आणि फोटोसाठी बरोब्बर त्या भोकापुढे उभे राहिले.

मित्रांनो, अशा माणसाला जगाचा पुरस्कार मिळावा का? ओकणाऱ्याचं डोकं धरून बसणाऱ्या त्या जुन्या उद्धवरावांना जरूर द्या. पण आधी ते कुठे गेले, ते शोधा. आणि तुमच्या घरात, गल्लीत कुणी दारूतून बाहेर आलं असेल, तर त्याला जपा. त्याची गोष्ट त्याची आहे. ती त्याच्या तोंडून निघेपर्यंत तुम्ही गप्प बसा.

वर्कशॉपमध्ये चहा द्यायला कस्तुराबाई येतात. त्यांच्याकडून कळतं, तो अजून प्यायलेला नाही. नवनाथ हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव माझ्यावर छापलेलं होतं, आणि मी ते तुम्हाला सांगणार नाही.