खुर्चीखालचा डाग

हॉटेलच्या लाँड्रीत धाकटीला सगळे डागवाली म्हणत. चादर पसरली, वरून बोट फिरवलं, की ही सांगणार: हा चहा, ही लिपस्टिक, हे रडून पुसलेलं काजळ. मुकादमबाई म्हणायच्या, "हिच्यापुढे चादर टाका नि पंचनामा लिहून घ्या!" धाकटी हसायची. माणूस लपवेल, कापड लपवत नाही, असं तिचं पक्कं होतं.

म्हणूनच वडिलांच्या खुर्चीखाली पहिला डाग दिसला, तेव्हा ती फार खोलात शिरली नाही.

वडील पाट्या रंगवणारे. चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून त्यांनी गावभरच्या दुकानांना नावं दिली. म्हातारपणी हात रिकामे असले की बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी हलत. ब्रश हातात आला की थरथर कुठल्या कुठे जाई. आई गेल्यापासून ते, धाकटी आणि चिंधी, एवढंच घर. चिंधी म्हणजे मांजर. काळा, पांढरा, पिवळा असे तुकडे जोडून शिवल्यासारखी.

त्या संध्याकाळी धाकटी कामावरून आली तर खुर्चीखाली माशाचा चुरा आणि रस्स्याचा ओघळ. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"बाबा, हे काय?"

आठवडाभरापूर्वीच चिंधीनं इस्त्रीच्या कपड्यांवर घाण केली होती आणि धाकटी कडाडली होती, "आता पुन्हा घरात घाण दिसली तर ही बया बाहेर! मग कुणी मध्ये पडायचं नाही."

बाबांनी डागाकडे पाहिलं. मांडीवरच्या चिंधीच्या कानामागे बोट फिरवत म्हणाले, "हात हलला गं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून धाकटीनं ताट त्यांच्या हातून काढून घेतलं. गळ्याशी फडकं बांधलं, जेवण मिक्सरमधून मऊ करून चमच्यानं भरवायला लागली. लाँड्री दोन गल्ल्यांवर. दुपारच्या सुट्टीत धावत यायची, घास द्यायची, धावत जायची. पुढं रंगांची पेटीही भंगारवाल्याला गेली. रंग सांडतील, म्हणून.

"धाकटे, मी काय तान्हं बाळ आहे?" बाबांनी एकदाच विचारलं.

"आहातच. आ करा."

त्यांनी आ केला. त्यानंतर आठ महिने त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही, आणि खुर्चीखाली डागही दिसला नाही. त्यांच्या रुमालांवर मात्र रस्सा लागलेला असायचा. लाळेबरोबर येत असेल, असं म्हणून धाकटी ते वेगळे भिजवायची.

एका पहाटे बाबा झोपेतच गेले. दूरच्या शहरातून दादा आला, चार दिवस राहिला, निघताना तिचे हात हातात घेऊन म्हणाला, "मी काही केलं नाही गं. पण तू त्यांना भरवलंस. त्याच्यावरच मला झोप लागते." धाकटीलाही त्याच्यावरच झोप लागत होती. सगळं घर खायला उठलं होतं, तेवढा एक घास तिच्या पदरी होता.

दादा गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटी कामावर रुजू झाली. संध्याकाळी घरी आली. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली.

खुर्चीखाली माशाचा तुकडा. रस्स्याचा ओघळ.

क्षणभर, एकच क्षण, तिला वाटलं की बाबा आहेत.

मग स्वयंपाकघरात गेली. सकाळी माशाचा रस्सा घालून ठेवलेला चिंधीचा वाडगा अर्धा रिकामा, काठावर ओलसर खुणा. मांजर दुःखानं वेडंवाकडं वागतंय, खाणं सोडलंय, असं वाटून तिनं चिंधीला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी चिंधीचे दात पाहिले, पोट चाचपलं. "ठणठणीत आहे. वाडगा कुठे ठेवता?"

"स्वयंपाकघरात. वॉशिंग मशीनशेजारी."

"खोलगट आहे?"

"हो."

"मग बरोबर आहे तिचं. मिशा काठाला लागतात, ते मांजरांना आवडत नाही. वर मशीनचा खडखडाट. मांजर घास उचलतं आणि जिथं कुणी हिसकावणार नाही अशा जागी नेऊन खातं. रानातली सवय, घरात आलं तरी सुटत नाही. ताटली द्या पसरट, शांत कोपऱ्यात ठेवा."

"पण हे आत्ता सुरू झालंय. बाबा गेल्यावर."

"आत्ता? छे हो. मोठं मांजर एका रात्रीत असं शिकत नाही. आधीपासून करत असणार. तुम्ही घरी नसताना."

घरी येऊन धाकटी दिवा लावून जमिनीवर गुडघ्यांवर बसली. लाँड्रीत बसायची तशी. वरून पडलेला थेंब गोल असतो, कडेला शिंतोडे उडवतो. हा डाग गोल नव्हता. त्याला शेपूट होतं, लांब, बारीक, स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलेलं. आठ महिन्यांपूर्वीचेही असेच होते. तिनं ते शेपटाच्याच दिशेनं पुसले होते, हाताला अजून आठवत होतं.

आणि रुमाल. लाळेचा डाग मध्ये पसरतो. ते रुमाल कोपऱ्यात मळलेले असत. चिमटीत धरून फरशी पुसावी तसे. म्हणजे ती दारात यायच्या आधी बाबा खुर्चीतून वाकत होते, त्याच हातांनी, आणि रस्सा टिपून रुमाल खिशात घालत होते.

ती तिथंच बसून राहिली. रडू येईना.

फोन वाजला. दादा. "जेवलीस का?"

"दादा, बाबांचा हात हलत नव्हता."

"म्हणजे?"

"जेवताना हलत नव्हता. ते सांडवतच नव्हते. चिंधी आणून टाकायची. मी धडधाकट माणसाच्या तोंडात चमचा कोंबला, आठ महिने. त्यांची पेटीपण दिली."

दादा म्हणाला, "काहीतरीच काय! मग बोलले का नाहीत? एका शब्दाचं काम होतं."

"बोलले असते तर मी चिंधीला घालवली असती."

"नसती गं घालवलीस. तू काय तशी आहेस?"

'हो, तशी नाहीये मी,' एवढं म्हटलं असतं तर दोघांनाही झोप लागली असती. धाकटीच्या ओठांवर ते आलंही होतं.

"घालवली असती, दादा," ती म्हणाली. "बाबा मला ओळखून होते."

दादानं फोन ठेवला नाही. त्याचा श्वास तिला ऐकू येत राहिला.

एवढ्यात चिंधी स्वयंपाकघरातून आली, तोंडात तुकडा धरून. खुर्चीपाशी धाकटी बसलेली पाहून थबकली, एक पाऊल मागं सरली. धाकटीनं पाय जवळ ओढून घेतले आणि ती भिंतीला टेकून लहान होऊन बसली. मांजर खुर्चीखाली घास खाऊन जाईपर्यंत ती हलली नाही.