टेमघरच्या बंद रुग्णालयातला हातमाग

मित्रांनो, टेमघरच्या कडेला एक बंद पडलेले मनोरुग्णालय आहे. त्याच्या मागच्या खोलीत उभा असलेला मी एक जुना हातमाग आहे. माझी गोष्ट सांगायची खरी, पण तिच्यातले बरेच काही मलाच अजून नीट उलगडलेले नाही.

भिवंडीतल्या एका सुताराने मला सागवानात घडवले. एखाद्या विणकराच्या घरी जाईन, असे मला वाटले होते. पण बैलगाडीतून मला येथे आणले. हात कामात गुंतले की मन ठिकाणावर येते, असे इथल्या डॉक्टरांचे मत होते. विणकाम शिकवायला केसरीनाथ मास्तर येत. पहिल्या दिवशी कोणी मला पाहून हसले, कोणी नमस्कार केला, तर एकाने मला घरचा पत्ता विचारला. मी गोंधळून गेलो.

दिघाशी गावची पुतळाबाई इथे आली, तेव्हा तिची काशी तान्ही होती. पुतळाबाई लेकीला जवळ घेत नसे, झोपत नसे, बोलतही नसे. म्हणून नवऱ्याने तिला इथे ठेवले आणि काशी आजीकडे वाढली. एके दिवशी मास्तरांनी पुतळाबाईच्या हातात धोटा दिला, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारी छोटी लाकडी होडी. तिने तो हलकेच सरकवला. पुढे वॉर्डातल्या कितीतरी चादरी तिनेच विणल्या. पाहुणे चादरींना हात लावून वाखाणत, तिच्याकडे मात्र दुरूनच पाहत. असे का, ते मला कळत नसे.

ती बरी होऊन घरी गेली. पुढे एकाहत्तर साली रुग्णालयही बंद झाले. रुग्णांना दुसरीकडे नेले, खाटा नेल्या, पंखेसुद्धा काढून नेले. मी तेवढा राहिलो. जवळच्या कामतघरच्या विजेवर चालणाऱ्या मागांचा खडखडाट वाऱ्यावर ऐकू येई आणि वाटे, आता मला कोण विचारणार?

पण रिकामी झाल्यावर ही इमारत देखणी दिसू लागली. मधुमालती गजांतून आत शिरली. फुटक्या कौलांतून उन्हाचे कवडसे उतरले. रुग्णांनी कोळशाने काढलेले मोर पावसाच्या पाण्याने भिंतींवर ओघळून लांबच लांब झाले. जिथे मी रात्रंदिवस आरडाओरडा ऐकला, तिथे हिरवा, गार उजेड साठला. तो पाहून सुखावावे की घाबरावे, मला समजत नसे.

आणि मग पुतळाबाई पुन्हा आली! भिवंडीच्या बाजारात भाजी विकून झाली की ती दर आठवड्याला इथे येऊन नुसती बसू लागली. बरी झालेली बाई इथे कशाला येते?

एका दुपारी तिच्यामागोमाग काशी आली. तिचे दिवस भरत आले होते. ती दारातच धापा टाकत थांबली.

"आये, हितं काय हाय तुजं? गावात लोक म्हनतात, तुजं डोकं परत फिरलं."

"न्हाय गं. हितं कोन काय इचारत न्हाय, म्हून बसते."

काशी खाली बसली. मग तिने विचारले, "मी नको हुते का तुला?"

"तुला न्हाय भ्यायले, पोरी. माज्या हातांना भ्यायले. ते तुला कायतरी करतील, असं वाटायचं. कुनाला सांगितलं न्हाय."

"आनि मला बी तसंच झालं तर?"

"तर त्याच घडीला मला सांग. मी उठून येईन."

काशी आईच्या मांडीवर डोके टेकून रडली. पुतळाबाईचे हात आधी हवेतच थबकले. मग ते लेकीच्या केसांवर आले.

त्यानंतर दोघी कित्येक महिने आल्या नाहीत. काय झाले असेल, या विचाराने मी बेचैन होतो. अखेर त्या आल्या, तेव्हा काशीच्या कडेवर बाळ होते. ते माझ्या लाकडावर थापट्या मारत होते.

"बाळ झाल्यावर चार दिस लय वंगाळ गेले," काशी मला सांगत होती की भिंतीला, कोण जाणे. "पर मी आयला हाक मारली."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ तुम्ही पुसली नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी गप्प गप्प झाले, तर त्याच्यापासून दूर सरकू नका. जवळ बसा आणि विचारा, "काय होतंय तुला?" एवढे विचारायला माणसांना इतकी वर्षे का लागतात, हे मात्र मला अजूनही कळलेले नाही.