उंचीचा निम्मा दोरा

दारव्ह्याच्या मन्सूर मिस्त्रीची थोरली पोरगी उमेरा, आणि तिची कमर हा त्या घरातला चोरीचा मामला झाला होता. पाळी महिनोन्‌महिने रुसायची, म्हणून तिला यवतमाळच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. बाईनं काय करावं? तिच्या उंचीएवढा दोरा तोडला, मधोमध दुमडला आणि कमरेला गुंडाळला. टोकं काही भेटेनात.

"अंडाशयाच्या या दुखण्यात कधी कधी अंग इन्सुलिनचं ऐकत नाही. कमर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, दोरा नुसता तेवढा इशारा देतो, रक्त तपासू," बाई म्हणाली. रक्तानंही दोऱ्याचीच री ओढली.

झाली का पंचाईत! नवरीचा जोडा, म्हणजे निकाहचे कपडे, शिवतात नवऱ्याकडचे, आणि होणारी सासू कहकशां बोरी अरबहून नाप घ्यायला येणार होती. कापसानं रडवलेल्या त्या साली जिथं तिथं लग्नं लांबणीवर पडलेली, हे एवढं जमलेलं. आईनं, हलीमानं, नापासाठी सडसडीत धाकटीचा कुर्ता काढून ठेवला.

"अन् निकाहच्या दिवशी मी त्यात शिरू कशी?" उमेरानं विचारलं.

"तवाचं तवा पाहू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

उमेरा मनातून घाबरली होती. होणारा नवरा जीशान तिला फार आवडला होता, पण त्याच्या घरात खोटी कमर घेऊन जायचं तिला पटेना.

कहकशां आली. चहा झाल्यावर तिनं कुर्ता उचलला, एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा उमेराकडे.

"खाला, हा बहिणीचा आहे," उमेरानं सांगून टाकलं. "मले पाळीचं दुखणं आहे. डॉक्टरणीनं दोऱ्यानं वळखलं. कसं, ते दाखवू?"

हलीमानं डोळे वटारले, पण ऐकतंय कोण! पोरीनं रीळ आणलं, सासूला उभं करून तिच्याच उंचीचा दोरा तोडला, दुमडला आणि लावला तो थेट तिच्या कमरेला. चांगली वीतभर जागा उघडी राहिली. आता सोयरीक मोडलीच, असं हलीमाला वाटलं.

कहकशां त्या उघड्या जागेकडे बघत राहिली.

"जीशानच्या आधी लई वर्षं माही कूस भरली नाही," ती हळूच म्हणाली. "पाळीचं असंच होतं. सासूनं ताईत बांधले, टोमणे मारले. असा दोरा लावून कोणी पाहिलं नाही." मग तिनं टेप उघडली. "ये, तुहंच नाप घेतो. अन् डॉक्टरणीकडं जाशील तवा मलेबी ने."

उमेराला रडू फुटलं. तिनं सासूला घट्ट मिठी मारली, आणि मारता मारता आपले हात तिच्या पाठीमागं भेटतात का, तेही चाचपून घेतलं.